रेंडर सुरू होण्याआधीचे वीस सेकंद

तीन मिनिटांचं ॲनिमेशन म्हणजे, सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर, 4500 चित्रं. कंप्युटर ती एकामागून एक काढतो, यालाच रेंडर करणं म्हणतात. आपण काम रेंडरला लावतो, पहिल्या दोन-चार फ्रेम निघेपर्यंत समोर बसतो आणि मनातल्या मनात गुणाकार करतो. एका फ्रेमला 35 सेकंद लागले, म्हणजे एकूण पावणेचव्वेचाळीस तास. जवळजवळ दोन दिवस मशीन अडकणार.

त्या 35 सेकंदांतले चित्र काढायला किती गेले आणि चित्राची तयारी करायला किती, हे फार थोडे लोक बघतात. समजा तयारीला 20 सेकंद गेले आणि प्रत्यक्ष चित्राला 15. आकडे उदाहरणासाठी घेतलेत, पण सीन अवजड आणि ग्राफिक्स कार्ड बरं असेल तर हे प्रमाण मुळीच विचित्र नाही. आता पैसे घालून दुप्पट वेगाचं कार्ड आणलं, तर 15 चे साडेसात होतील. तयारीचे 20 तसेच राहतील. एकूण वेळ उतरेल तो साधारण साडेचौतीस तासांवर. उलट जुनंच कार्ड ठेवून तयारी 20 वरून 4 सेकंदांवर आणली, तर तेच काम पावणेचोवीस तासांत होतं, आणि खर्च शून्य.

जीन ॲमडाल या संगणकतज्ज्ञाने 1967 मध्ये हाच मुद्दा मांडला होता. कामाचा एकच भाग कितीही वेगवान केला, तरी न बदललेला भाग एकूण वेगाला मर्यादा घालतो. रेंडरिंगमध्ये हे फार टोचतं, कारण ग्राफिक्स कार्ड हजारो पिक्सेलांचं काम एकाच वेळी उरकतं, तर सीनची तयारी मुख्यतः प्रोसेसरवर होते आणि तिचे बरेच टप्पे एकामागून एकच करावे लागतात. कार्डं वेगवान होत जातात तसा तयारीचा वाटा मोठा दिसू लागतो. गोव्यात एकट्याने किंवा दोघा-तिघांनी मिळून ॲनिमेशन करणारी जी मुलं मला भेटतात, ती नवं कार्ड कोणतं घ्यावं हे हमखास विचारतात. तयारीला किती वेळ जातो हे विचारलं, की उत्तर नसतं. म्हणून हा लेख.

तयारी म्हणजे नेमकं काय चाललेलं असतं

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक सीन समोर ठेवू. फोंडा तालुक्यातल्या देवळांसारखं एक देऊळ. मंगेशीला आहे तशी सात मजली दीपमाळ, प्रवेशावर नौबतखाना, आवाराच्या कडेने कौलारू अग्रशाळा, बाजूला तळी, मागे माड आणि पोफळी. रात्रीची वेळ, दीपमाळ पेटलेली, आणि भोई पालखी घेऊन प्रदक्षिणा घालताहेत. कॅमेरा हळूहळू पुढे सरकतो. उदाहरणासाठी मी ब्लेंडर हे थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर आणि त्यातलं सायकल्स हे रेंडर इंजिन, म्हणजे चित्र काढणारा भाग, धरतो, कारण ते फुकट आहे आणि आपल्याकडे शिकणारे बहुतेक जण त्यावरच असतात. तत्त्व मात्र सगळीकडे सारखंच.

एक फ्रेम काढायची ठरली, की आधी ब्लेंडर सीनमधल्या वस्तूंचे खरे आकार ठरवतो. प्रत्येक वस्तू म्हणजे छोट्या त्रिकोणांची एक जाळी, तिला मेश म्हणतात. भोयांच्या सांगाड्यातली हाडं या क्षणी कुठे आहेत, त्यानुसार त्वचा कशी वळेल, गुळगुळीतपणासाठी लावलेला सबडिव्हिजन मॉडिफायर (मॉडिफायर म्हणजे मूळ आकारावर आपोआप होणारी प्रक्रिया) किती त्रिकोण तयार करेल, जॉमेट्री नोड्सने, म्हणजे नियम जोडून, पेरलेले माड कुठे उभे राहतील. हे झालं की ते त्रिकोण रेंडर इंजिनच्या हवाली केले जातात. मग टेक्स्चरच्या, म्हणजे वस्तूंवर चढवायच्या चित्रांच्या, फाइली डिस्कवरून वाचायच्या. मग किरणांसाठी एक शोधरचना बांधायची, तिला बीव्हीएच म्हणतात. शेवटी हे सगळं कार्डाच्या मेमरीत चढवायचं. त्यानंतर कुठे पहिला सॅम्पल सुरू होतो. सॅम्पल म्हणजे प्रत्येक पिक्सेलसाठी किरण सोडण्याची एक फेरी; फेऱ्या जितक्या जास्त, तितकं चित्र स्वच्छ.

बीव्हीएच नीट कळली की पुढचं निम्मं काम सोपं होतं. कॅमेऱ्यातून निघालेला प्रत्येक किरण कुठल्या त्रिकोणावर आदळतो ते शोधायचं असतं. सीनमध्ये एक कोटी त्रिकोण असतील, तर प्रत्येक किरणासाठी एक कोटी तपासण्या परवडत नाहीत. म्हणून आवाराभोवती एक मोठी अदृश्य पेटी कल्पायची, तिच्यात अग्रशाळेची पेटी, तिच्यात छपराची, छपरात कौलांच्या गटांची. किरण अग्रशाळेच्या पेटीला लागलाच नाही, तर तिच्यातल्या एकाही कौलाची चौकशी करावी लागत नाही. स्टीव्हन रुबिन आणि टर्नर व्हिटेड यांनी 1980 मध्ये मांडलेली ही कल्पना आजही किरण-आधारित रेंडरिंगच्या मुळाशी आहे. मात्र या पेट्या बांधायलाच वेळ लागतो, आणि त्रिकोण वाढले की तो वाढतो.

आता फ्रेम 1200 आणि 1201 शेजारी-शेजारी ठेवा. पालखी दोन बोटं पुढे गेली, भोयांचे पाय हलले, एक पताका फडफडली, ज्योतींचा उजेड थोडा कमी-जास्त झाला. देऊळ, दीपमाळ, अग्रशाळेची हजारो कौलं, मागचे माड, चिऱ्याचा कुंपणगडगा यांतलं काहीच बदललं नाही. तरी सायकल्स नेहमीच्या सेटिंगवर फ्रेम 1200 संपली की सगळी तयारी मेमरीतून पुसून टाकतो आणि 1201 साठी पहिल्यापासून सुरुवात करतो. जत्रेतल्या नाटकात प्रत्येक वाक्यानंतर पडदा पाडून सेट उतरवावा आणि पुढच्या वाक्यासाठी तोच सेट तिथेच पुन्हा ठोकावा, तसा हा प्रकार आहे. सगळा इलाज एका प्रश्नात आहे: या फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत खरंच काय बदललं? जे बदललं नाही ते पुन्हा करायचं नाही.

आधी मोजा

अंदाजावर काम करू नका. सीनमधली सहा-सात फ्रेम निवडा, सॅम्पल एकावर आणा आणि रेंडर करा. चित्र दाणेदार येईल, त्याची पर्वा नको. चित्राचं काम जवळजवळ शून्यावर आल्यामुळे जो वेळ दिसेल तो जवळपास सगळा तयारीचाच असेल. ब्लेंडर टर्मिनलमधून चालवलात तर कुठल्या टप्प्यावर तो किती रेंगाळतो हेही ओळी-ओळीने दिसतं: वस्तू सिंक्रोनाइझ करणं, इमेज वाचणं, बीव्हीएच बांधणं. पहिली फ्रेम हिशेबात धरू नका, तिच्यात कार्डासाठीचे प्रोग्राम लोड होण्याचा वेळही असतो. आणि अडॅप्टिव्ह सबडिव्हिजन (कॅमेऱ्यात जितकं दिसेल तितकेच त्रिकोण करणारी सोय) वापरत असाल तर रेझोल्यूशन कमी करून मोजू नका. तिथे त्रिकोणांची संख्या पिक्सेलांवरून ठरते, त्यामुळे छोट्या चित्राचा आकडा फसवा येतो.

सगळ्यात मोठा फरक पाडणारी चौकट

रेंडर प्रॉपर्टीजमध्ये परफॉर्मन्सखाली फायनल रेंडर या भागात पर्सिस्टंट डेटा नावाची एक चौकट आहे. ती टिक केली की एका फ्रेमची तयारी पुढच्या फ्रेमसाठी मेमरीत राहते आणि फक्त बदललेल्या गोष्टी नव्याने होतात. हा पर्याय जुना आहे, पण 2021 च्या 2.93 आवृत्तीत तो खूप सुधारला. आपल्या देवळात भिंती, कौलं, माड एकदाच तयार होतील. पालखी, भोई आणि पताका तेवढ्या दर फ्रेमला. एकाच फ्रेममध्ये अनेक व्ह्यू लेयर, म्हणजे वेगवेगळे काढून नंतर एकत्र करायचे थर, असतील तर तिथेही वेळ वाचतो, कारण एरवी प्रत्येक लेयरसाठी सीन वेगळा तयार होतो.

याचा फायदा हवा असेल तर ब्लेंडर मधेच बंद होता कामा नये. काही जणांकडे अशी स्क्रिप्ट असते की ती दर फ्रेमसाठी ब्लेंडर उघडते, एक चित्र काढते आणि बंद करते. अशा वेळी मेमरीत ठेवलेलं सगळं प्रत्येक फ्रेमनंतर जातं, शिवाय ब्लेंड फाइल 4500 वेळा उघडावी लागते ती वेगळीच. कमांड लाइनवरून करायचं तर सुरुवातीची आणि शेवटची फ्रेम सांगून पूर्ण ॲनिमेशनची एकच आज्ञा द्या. ॲनिमेशनची आज्ञा ओळीच्या अगदी शेवटी हवी, कारण ब्लेंडर आज्ञा लिहिलेल्या क्रमाने पाळतो. आधी दिलीत तर फ्रेमची मर्यादा त्याच्या कानावर येण्याआधीच तो कामाला लागतो. चार मशीनवर काम वाटून देणारं फ्लॅमेंको वापरत असाल तर त्यात चंक साइज असतो, म्हणजे एका मशीनला एका दमात किती फ्रेम द्यायच्या. तो एकावर ठेवू नका. पन्नास-शंभरच्या तुकड्यांत तयारीचा खर्च नीट विभागला जातो.

किंमत मेमरीत मोजावी लागते. एरवी फ्रेम संपल्यावर रिकामी होणारी जागा आता भरलेलीच राहते. आठ जीबीच्या कार्डावर जेमतेम मावणारा सीन असेल तर तो मधेच कोसळू शकतो. म्हणून पुढचे उपाय नुसता वेग वाढवण्यासाठी नाहीत, ही चौकट पेलता यावी म्हणूनही आहेत.

कौलं आणि माड

अग्रशाळेच्या छपरावर दहा हजार कौलं असतील, तर मेमरीत कौल एकच असायला हवं आणि बाकी फक्त ते कुठे ठेवायचं याची यादी. याला इन्स्टन्सिंग म्हणतात. ब्लेंडरमध्ये शिफ्ट-डीने नक्कल केली तर साधारणपणे मेशचीही नवी प्रत होते. ऑल्ट-डीने केली तर नव्या वस्तू तीच मेश वाटून घेतात. इतकं बहुतेकांना ठाऊक असतं.

यातली एक मेख मात्र कोणी सांगत नाही, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. ऑल्ट-डीने केलेल्या कौलावर मॉडिफायर असेल, बेव्हल म्हणा किंवा सबडिव्हिजन, तर ते वाटून घेणं मोडतं. ब्लेंडर मॉडिफायर वस्तूनिहाय चालवतो, त्यामुळे दहा हजार कौलांसाठी तो दहा हजार वेळा चालतो आणि रेंडर इंजिनला दहा हजार वेगळ्या मेश मिळतात. फाइल लहान दिसते, व्ह्यूपोर्ट, म्हणजे काम करतानाचा पडदा, कसाबसा चालतो आणि रेंडरच्या तयारीत मशीन घामाघूम होतं. उपाय सोपा आहे. मूळ कौलावर मॉडिफायर अप्लाय करून मग नकला करा, किंवा कौल एका कलेक्शनमध्ये (वस्तूंच्या गटात) ठेवून त्या कलेक्शनचे इन्स्टन्स ठेवा. दुसऱ्या पद्धतीत मॉडिफायर जिवंत राहतो आणि चालतो मात्र एकदाच.

माडांचंही तसंच. चार-पाच वेगवेगळे माड नीट तयार करा, जॉमेट्री नोड्सने ते पेरा, प्रत्येकाचा कोन आणि उंची थोडी बदला. रात्रीच्या दृश्यात कोणालाही नक्कल ओळखू येणार नाही. फक्त साखळीत कुठे रिअलाइझ इन्स्टन्सेस हा नोड राहिलाय का ते बघा. तो आला की प्रत्येक माडाची खरीखुरी प्रत तयार होते आणि सगळी बचत तिथेच संपते. इंटरनेटवरून उतरवलेल्या तयार सेटअपमध्ये हा नोड बरेचदा सापडतो.

हलणारं आणि वाकणारं

हालचाल दोन प्रकारची असते. पालखी पुढे सरकते तेव्हा तिचा आकार बदलत नाही, जागा बदलते. भोयाचा पाय उचलला जातो तेव्हा मेशच वाकते. माणसाच्या डोळ्याला दोन्ही हालचालीच, पण मशीनला यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आजची रेंडर इंजिनं बीव्हीएच सहसा दोन थरांत बांधतात. खालच्या थरात प्रत्येक मेशची स्वतःची रचना, वरच्या थरात कुठली मेश कुठे आहे याची रचना. वस्तू नुसती सरकली किंवा फिरली तर वरचा छोटा थर दुरुस्त केला की भागतं. मेश वाकली तर तिची खालची रचना पुन्हा करावी लागते. म्हणून पालखीला हाडं लावून हलवू नका, वस्तू म्हणून हलवा. देवळाचं दार उघडायचं असेल तर बिजागरीच्या जागी ओरिजिन (फिरण्याचा बिंदू) ठेवून ते फिरवा, मेशचा आकारच बदलणारी शेप की वापरू नका.

याच कारणाने स्थिर आणि वाकणाऱ्या गोष्टी एकाच मेशमध्ये जोडणं महागात पडतं. कोणीतरी आटोपशीर वाटावं म्हणून कंट्रोल-जे दाबून दीपमाळ आणि तिच्यावरची पताका एक केली असेल, तर पताकेच्या शंभर त्रिकोणांपायी दीपमाळेचे लाखभर त्रिकोण दर फ्रेमला पुन्हा रांगेत उभे राहतात. पताका वेगळी करा. पाच मिनिटांचं काम आहे.

ज्योतींची थरथर मात्र स्वस्त आहे. दिव्याची तीव्रता बदलली म्हणून त्रिकोण बदलत नाहीत. जिथे शक्य असेल तिथे आकार न हलवता उजेड हलवावा. लांबच्या शॉटमध्ये दीपमाळेवरच्या शेकडो ज्योतींसाठी ते अगदी पुरेसं होतं.

मोशन ब्लर, म्हणजे हलत्या वस्तूंचा धूसरपणा, लावला तर एका फ्रेमसाठी शटर उघडण्याच्या, मधल्या आणि मिटण्याच्या क्षणाचीही माहिती गोळा करावी लागते, म्हणजे वाकणाऱ्या पात्रांचं गणित एकाहून जास्त वेळा. पात्रं बरीच असतील तर हा भार जाणवतो. मोशन ब्लर बंद करून व्हेक्टर पास (कुठला पिक्सेल कुठे सरकतोय याची नोंद) काढायचा आणि धूसरपणा कंपोझिटिंगमध्ये, म्हणजे निघालेली चित्रं एकत्र बसवताना, आणायचा हा पर्याय आहे. पालखीसारख्या संथ हालचालीत तो छान चालतो. गुलाल उधळतोय, माणसं एकमेकांआड येताहेत अशा गर्दीत कडा बिघडतात, तिथे खरा मोशन ब्लरच बरा.

पताकेचं कापड, गुलालाचे कण, तळीचं पाणी असल्या सिम्युलेशनचं आधी बेक करून घ्या, म्हणजे हालचालीचा हिशेब एकदाच करून साठवून ठेवा. बेक नसेल तर मधल्या फ्रेमपासून सुरू केलेलं रेंडर चुकीचं येऊ शकतं, आणि काम चार मशीनवर वाटलं तर प्रत्येक तुकड्यात पताका वेगळीच फडकेल. पात्रांची रचना जड असेल तर त्यांची तयार हालचाल अलेम्बिक फाइलमध्ये साठवता येते. सोनी पिक्चर्स इमेजवर्क्स आणि इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक यांनी मिळून काढलेला हा फाइल प्रकार 2011 पासून सगळ्यांसाठी खुला आहे. त्यात हाडांचं गणित नसतं, फक्त प्रत्येक फ्रेमला कुठला बिंदू कुठे आहे ते असतं. फाइली मोठ्या होतात, म्हणून त्या वेगवान डिस्कवर ठेवा.

टेक्स्चर

8192 × 8192 पिक्सेलचं एक टेक्स्चर, चार चॅनल आणि प्रत्येकी आठ बिट धरून, मेमरीत 256 एमबी घेतं. डिस्कवर तीच जेपीजी फाइल दहा-पंधरा एमबीची दिसते, म्हणून आपण गाफील राहतो. चिऱ्याच्या भिंतीला रंग, खडबडीतपणा आणि नॉर्मल (बारीक उंचसखलपणा) अशी तीन टेक्स्चर असली की झाले 768 एमबी. तीच 2048 ची केली तर प्रत्येकी 16 एमबी, तिन्ही मिळून 48. कॅमेऱ्यापासून दूर असलेल्या कुंपणगडग्याला 8के कशाला हवंय? फुल एचडी फ्रेमची सगळी रुंदीच 1920 पिक्सेल असते. ज्या भिंतीवरून कॅमेरा घासून जातो तिलाच मोठं टेक्स्चर द्या.

कॅमेरा थांबलेला असेल तेव्हा

काही शॉटमध्ये कॅमेरा हलतच नाही. तिथे देऊळ आणि मागचे माड दर फ्रेमला काढण्यात काहीच अर्थ नाही. पार्श्वभूमी भरपूर सॅम्पल देऊन एकदा काढा, पालखी आणि भोई वेगळ्या लेयरवर पारदर्शक पार्श्वभूमीसह काढा, जमिनीवर शॅडो कॅचर ठेवा म्हणजे सावल्याही मिळतील, मग दोन्ही एकावर एक बसवा. भोई खांबामागून जाणार असतील तर खांब होल्डआउट करावा लागतो, म्हणजे भोयांच्या लेयरमध्ये त्याच्या जागी पारदर्शक भोक ठेवावं लागतं. ज्योतींचा हलता उजेड भिंतीवर पडत असेल तर ही युक्ती अवघड होते, हे खरं. पण दिवसाच्या शॉटला तिच्यासारखं दुसरं काही नाही.

कॅमेरा हलत असला तरी प्रत्येक शॉटची फाइल वेगळी ठेवावी असं माझं ठाम मत आहे. तळीकाठच्या शॉटमध्ये अग्रशाळा दिसत नसेल, पाण्यात तिचं प्रतिबिंब पडत नसेल आणि तिच्या दिव्यांचा उजेडही येत नसेल, तर ते कलेक्शन त्या शॉटमधून काढूनच टाका. आपोआप कॅमेऱ्याबाहेरचं वगळणारा कलिंगचा पर्यायही आहे. तो जपून वापरा, कारण वस्तू वगळली की तिची सावलीही जाते, आणि कॅमेरा सरकताना जमिनीवरच्या सावल्या मधेच गायब झालेल्या प्रेक्षकाला लगेच दिसतात.

रेंडर थेट व्हिडिओ फाइलमध्ये करू नका, पीएनजी किंवा ईएक्सआर चित्रमालिकेतच करा. जूनमध्ये आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि अर्धवट राहिलेली व्हिडिओ फाइल बऱ्याचदा उघडतच नाही. चित्रमालिकेत आलेल्या फ्रेम हातात राहतात. आउटपुटमधला ओव्हरराइट पर्याय बंद ठेवलात तर पुन्हा सुरू केल्यावर ब्लेंडर झालेल्या फ्रेम सोडून पुढे जातो. वीज गेली त्या क्षणी लिहिली जात असलेली शेवटची फाइल तेवढी उघडून बघा, ती तुटलेली असेल तर आधी पुसा.

आणि पर्सिस्टंट डेटावर डोळे मिटून विसंबू नका. मेमरीत ठेवलेली जुनी गोष्ट बदलायला हवी होती आणि बदलली नाही, अशी चूक क्वचित होऊ शकते. विशेषतः मधेच दिसेनाशा होणाऱ्या वस्तू किंवा दर फ्रेमला बदलणारी टेक्स्चर असतील तेव्हा तपासा. लांब रेंडर लावण्याआधी वीस-तीस फ्रेमचा एक तुकडा या चौकटीसह काढा. मग ब्लेंडर बंद करून पुन्हा उघडा, चौकटीतली टिक काढा आणि त्याच तुकड्यातली शेवटची फ्रेम एकटीच रेंडर करा. दोन्ही चित्रं कंपोझिटरमध्ये डिफरन्सवर ठेवा, म्हणजे दोन्हींतला फरक तेवढा दिसेल. मशीन, सॅम्पल आणि सीड (दाण्यांची जागा ठरवणारा आकडा) तेच असल्यामुळे दाणेही त्याच जागी पडतात, म्हणून चित्र पूर्ण काळं यायला हवं. काळ्यात कुठे पताकेचा किंवा पालखीच्या गोंड्याचा आकार उजळ दिसला, तर नेमकी तीच वस्तू जुन्या फ्रेममध्ये अडकली आहे, आणि 4500 फ्रेम लावण्याआधी तिच्याकडे बघायला हवं.